जुना प्रक्षेपण-संच : निवड व निगा

नवी वस्तू विकत घेताना आपण कारखान्याच्या हमीपत्रावर विसंबून राहू शकतो. जुनी वस्तू घेताना हमीपत्र नसते. असते ती केवळ आपली नजर आणि आपले ज्ञान. विक्रेता सांगतो ती किंमत आणि वस्तूची खरी किंमत यांत पुष्कळदा अंतर असते, आणि ते अंतर किती आहे हे ज्याला वस्तूचे अंतरंग ठाऊक आहे त्यालाच कळते. हा साधा धडा आम्ही एका जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या निमित्ताने शिकलो. तो विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या घरच्या मंडळींना उपयोगी पडावा, या हेतूने येथे सांगत आहोत.

कतारगाम हा सुरत शहराचा उत्तरेकडील भाग. हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने, यंत्रमाग आणि भरतकामाची यंत्रे यांच्या आवाजात येथील दिवस उगवतो आणि मावळतो. पोटापाण्यासाठी खानदेशातून सुरतेस आलेल्या मराठी कुटुंबांपैकी काही येथेही राहतात. २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली, हिऱ्यांची मागणी घटली आणि सुरतेतील अनेक रत्नकलाकारांना काम गमावून घरी बसावे लागले. ती झळ आमच्या इमारतीलाही लागली होती. पुढे हळूहळू कामे सुरू झाली, आणि १९ फेब्रुवारी २०११ पासून क्रिकेटच्या विश्वचषकाचे सामने सुरू व्हावयाचे होते, तेव्हा इमारतीतील सहा बिऱ्हाडांनी मिळून एक बेत केला. तळमजल्यावरील सामायिक खोलीत मोठ्या पडद्याचा संच आणावयाचा आणि सर्वांनी एकत्र बसून सामने पाहावयाचे.

वर्गणी जमली, पण ती बेताची होती. सहांपैकी एका गृहस्थांना तर दीड वर्षाच्या खंडानंतर नुकतेच काम मिळाले होते. त्यांनी आपला वाटा तीन हप्त्यांत दिला. त्या काळी मोठ्या पडद्याचे नवे सपाट संच आमच्या आवाक्याबाहेर होते. बाजारात जुने प्रक्षेपण-संच मात्र पुष्कळच कमी किमतीत मिळत होते. निवडीचे काम आमच्यावर सोपवताना एका वृद्ध मावशींनी एवढेच सांगितले, “भाऊ, पैसे पाण्यात जाऊ देऊ नका.” त्यांच्या या शब्दांची आठवण आम्हांला लवकरच व्हावयाची होती.

संचाचे अंतरंग

प्रक्षेपण-संच म्हणजे काय, हे प्रथम पाहू. चित्रपटगृहात यंत्र प्रेक्षकांच्या पाठीमागे असते आणि चित्र समोरच्या पडद्यावर पडते. प्रक्षेपण-संचात यंत्र पडद्याच्या मागे, पेटीच्या आत असते. ते लहानसे पण अत्यंत तेजस्वी चित्र तयार करते. भिंगातून मोठे होत ते चित्र पेटीतील तिरप्या आरशावर पडते आणि तेथून परावर्तित होऊन पडद्याच्या मागील बाजूवर येते. आपण ते पुढून पाहतो. चित्र मोठे होण्यास प्रकाशाला काही अंतर चालून जावे लागते. आरशाने हा मार्ग दुमडला नसता, तर पेटी खोलीच्या निम्म्या भागापर्यंत आली असती.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत आरसीए या कंपनीने १९४७ च्या सुमारासच असे संच विक्रीस आणले होते. आपल्या देशात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले. त्यानंतर घरोघरी आले ते काचेच्या नळीचे साधे संच. नळी जितकी मोठी तितकी तिची काच जाड आणि जड. त्यामुळे अशा संचाच्या आकाराला मर्यादा पडत असे. ती मर्यादा ओलांडण्याचा एक मार्ग म्हणून प्रक्षेपण-संचाकडे पाहिले गेले.

जुन्या बाजारात अशा संचांचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला तीन नळ्यांचा. याच्या पेटीत लाल, हिरव्या व निळ्या रंगाची एकेक चित्रनळी असते. प्रत्येक नळी आपल्या रंगापुरते चित्र काढते आणि ही तिन्ही चित्रे पडद्यावर तंतोतंत एकमेकांवर बसली म्हणजे पूर्ण रंगीत चित्र दिसते. येथे थोडे गणित करून पाहावे. नळीवरील चित्राचा कर्ण सुमारे ५ इंच आणि पडद्याचा ५० इंच धरला, तर लांबी व रुंदी दहा-दहा पट वाढते, म्हणजे क्षेत्रफळ १०० पट होते. तेवढाच प्रकाश शंभरपट जागेवर पसरल्याने तेज शंभरावा हिस्सा उरते. म्हणून या नळ्या साध्या संचाच्या नळीपेक्षा फार प्रखर चालवाव्या लागतात, त्या तापतात, आणि त्यांना थंड राखण्यासाठी नळी व भिंग यांच्यामध्ये एक पारदर्शक द्रव भरलेला असतो.

दुसरा प्रकार सूक्ष्म आरशांचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये याचा मूळ घटक शोधून काढला. नखाएवढ्या चकतीवर लाखो आरसे बसवलेले असतात आणि प्रत्येक आरसा माणसाच्या केसाच्या जाडीहूनही लहान असतो. विजेच्या इशाऱ्यासरशी तो १० ते १२ अंशांनी एका किंवा दुसऱ्या बाजूस कलतो. एका बाजूस कलला की प्रकाश पडद्याकडे जातो, दुसऱ्या बाजूस कलला की जात नाही. प्रकाश येतो तो पाऱ्याच्या वाफेच्या प्रखर दिव्यातून. आणि वाटेत फिरणाऱ्या रंगीत काचांच्या चक्रामुळे तो क्रमाने लाल, हिरवा व निळा होत राहतो. हा क्रम इतका जलद असतो की आपल्या डोळ्यांना तिन्ही रंग एकत्रच दिसतात. तिसऱ्या प्रकारात आरशांऐवजी द्रव-स्फटिकांच्या तीन लहान पट्ट्या असतात. दिवा मात्र तसाच असतो.

या तिन्ही प्रकारांचा पडदा हा साधा पडदा नव्हे. त्यात सहसा दोन थर असतात. मागील थर फ्रेनेल भिंगाचा. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० नंतरच्या काळात दीपगृहांसाठी हे भिंग सिद्ध केले. मोठ्या भिंगातील निरुपयोगी जाडी काढून टाकून त्याने केवळ वाकणाऱ्या पृष्ठभागाची वर्तुळे एका सपाट पत्र्यावर राखली. कतारगामच्या वाचकांना हे समजावयास कठीण नाही. येथील कारागीर हिऱ्याचे वजन घटवतो आणि पैलू राखतो, कारण तेज वजनात नसून पैलूत असते. फ्रेनेलने काचेच्या बाबतीत हेच केले. हा थर पसरत येणारे किरण सरळ करून प्रेक्षकांकडे वळवतो. पुढील थरावर उभ्या बारीक खाचा असतात. त्या हे किरण उजवीकडे व डावीकडे पसरवतात. वर व खाली मात्र ते फारसे पसरत नाहीत. या एका गोष्टीचा आपल्या बसण्याच्या पद्धतीशी मोठा संबंध आहे. तो पुढे येईलच.

तीन संच पाहिले

आता आमच्या खरेदीकडे वळू. पहिला संच पाहिला तेव्हा आम्ही जवळजवळ फसलो होतो. भव्य पडदा, झळझळीत चित्र, आणि मागितलेली रक्कम आमच्या वर्गणीपेक्षाही कमी. आमच्यासोबत नववीत शिकणारा एक मुलगा आला होता. त्याने गंमत म्हणून वडिलांचे हिरे तपासण्याचे भिंग, ज्याला येथे आयग्लास म्हणतात, ते खिशात घातले होते. आम्ही समोरून चित्र पाहत असता तो मागे जाऊन बसला आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाला, “काका, इकडे या. या स्क्रूच्या खाचेत माती आहे.”

आम्ही वाकून पाहिले. पेटीच्या तळाकडील चार स्क्रू गंजलेले होते आणि त्यांच्या खाचांत वाळलेला बारीक गाळ होता. वरचे स्क्रू स्वच्छ होते. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे खालचे काठ फुगून आले होते. हवा जाण्याच्या फटीतून विजेरीचा प्रकाश टाकला, तेव्हा आत एक आडवी, मातकट रेघ स्पष्ट दिसली. अधिक सांगावयास नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीस महापूर आला आणि सुरतेचा फार मोठा भाग जलमय झाला, हे येथील प्रत्येक घरास ठाऊक आहे. हा संच त्या पुरात उभा होता. पुराचा गाळ विजेच्या पट्ट्यांवर राहिला तर तो दमट हवेत पाणी शोषतो, तांब्याच्या रेघा हळूहळू कुरतडतो आणि आज चाललेला संच उद्या बंद पडतो. मावशींचे शब्द आम्हांला आठवले आणि आम्ही परतलो. तेव्हापासून नदीकाठच्या गावात जुने यंत्र घ्यावयाचे झाल्यास आम्ही प्रथम त्याचे तळ पाहतो, चित्र नंतर.

दुसरा संच तीन नळ्यांचा होता आणि कोरडा होता. अशा संचात तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे रंगांची जुळणी. पांढऱ्या आडव्या-उभ्या रेघांचे चित्र लावले असता प्रत्येक रेघ शुद्ध पांढरी दिसली पाहिजे. तिच्या कडेला लाल वा निळी किनार दिसली तर जुळणी बिघडली आहे. ही तपासणी संच सुरू करून निदान अर्धा तास झाल्यावरच करावी, कारण नळ्या तापेपर्यंत जुळणी स्थिर होत नाही. थोडा दोष असल्यास संचातीलच सोयीने तो दुरुस्त होतो. कोपऱ्यातील रेघा वाकड्या होऊन गेल्या असतील तर आतील भाग निकामी झालेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे थंडावा देणारा द्रव. तो गढूळ झाला की उजळ अक्षरांभोवती धुक्यासारखे वलय दिसते. तो गळून खाली विजेच्या भागांवर पडला असेल तर संच घेऊच नये. तिसरी गोष्ट म्हणजे नळीवर उमटलेले ठसे.

तिसऱ्या गोष्टीतच हा संच नापास झाला. पडदा संपूर्ण पांढरा केला, तेव्हा वरच्या कोपऱ्यात एका वृत्तवाहिनीच्या चिन्हाची आणि खालच्या बाजूस धावत्या बातम्यांच्या पट्टीची पुसट सावली दिसली. एकच स्थिर आकृती वर्षानुवर्षे एकाच जागी राहिली की तेथील चकाकणारा लेप अधिक झिजतो. ही झीज कोणत्याही उपायाने भरून येत नाही. विक्रेत्याने आमच्यासमोर संच लावला तो चित्रपटाच्या गाण्यावर. हलत्या रंगीत चित्रात हा दोष दिसला नसता. म्हणून विक्रेता दाखवील ते पाहू नये, आपल्याला हवे ते लावून पाहावे.

तिसरा संच सूक्ष्म आरशांचा होता. यात ठसे उमटण्याचा प्रश्न नसतो, पण त्याचे दोष निराळे असतात. एखादा आरसा अडकून बसला की त्या जागी पांढरा वा काळा ठिपका कायमचा राहतो. तो जवळ जाऊन एकदा काळ्या व एकदा पांढऱ्या पडद्यावर शोधावा. रंगचक्राचा आधार झिजला की आतून बारीक किंकाळीसारखा आवाज येतो. तो ऐकण्यासाठी ध्वनी पूर्ण बंद करावा. आणि सर्वांत महत्त्वाचा तो दिवा. या दिव्याचे आयुष्य संचागणिक बदलते. ते ६,००० तास धरले आणि संच रोज ४ तास चालवला, तर तो १,५०० दिवस, म्हणजे सुमारे चार वर्षे पुरतो. अनेक संचांत दिवा किती तास चालला याचा आकडा पडद्यावर पाहता येतो. परंतु हा आकडा पुन्हा शून्यावर आणता येत असल्याने केवळ त्यावर विश्वास ठेवू नये. चित्र निस्तेज दिसत असेल अथवा लुकलुकत असेल, तर आकडा काहीही सांगो, दिवा संपत आला आहे असे समजावे.

या संचाचे ठिपके पाहिले, आवाज ऐकला. दोन्ही ठीक होते. चित्र मात्र निस्तेज होते. आम्ही विक्रेत्यास सरळ सांगितले की दिवा आम्हांला नवा घ्यावा लागेल, तेव्हा त्याची किंमत वजा करा. येथे एक हिशेब विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावा. समजा, विक्रेता संचाचे १२,००० रुपये मागतो आणि नवा दिवा ५,००० रुपयांस मिळतो. तर त्या संचाची किंमत १२,००० नसून १७,००० रुपये आहे. त्यात वाहतूक व हमाली मिळवावी. आमच्या विक्रेत्याने बराच वेळ वाद घातला, पण शेवटी तो कबूल झाला. बोलणे पक्के करण्यापूर्वी आम्ही आणखी दोन गोष्टी पाहिल्या. संचाच्या मागील पट्टीवर किती व्होल्टचा उल्लेख आहे ते वाचले. कारण परदेशातून आप्तांनी आणलेले काही संच १२० व्होल्टचे असतात आणि आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर ते थेट लावले तर क्षणात जळतात. तसेच आपल्या केबलची वा डबीची तार जोडण्यास योग्य जागा आहे काय, हे जोडूनच पाहिले. फार जुन्या संचांत एचडीएमआयची सोय नसते. निव्वळ पिवळ्या, पांढऱ्या व लाल तारांवर चित्र येते, पण ते तितके रेखीव नसते.

निगा कशी राखावी

संच हातगाडीवरून घरी आला आणि पहिल्याच दिवशी तक्रार आली. खुर्चीवर बसलेल्यांना चित्र उजळ दिसे. सतरंजीवर बसलेल्या मुलांना तेच अंधुक दिसे. दोष संचाचा नव्हता. पडदा प्रकाश वर व खाली फारसा पसरवत नाही, हे वर सांगितलेच आहे. पडद्याचा मध्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीत असावा लागतो. आमच्याकडे बहुतेक मंडळी जमिनीवर बसणारी. म्हणून आम्ही उंच मेज काढून संच ठेंगण्या भक्कम चौरंगावर ठेवला. खुर्च्या मागे सरकवल्या, कारण लांबून पाहणाऱ्याला हा फरक कमी जाणवतो. खिडकीचा उजेडही पडद्यावर येऊ देऊ नये.

कतारगामात अशा संचाचा खरा शत्रू म्हणजे हवेतील तंतू. यंत्रमाग व भरतकामाची यंत्रे यांतून उडणारा सुताचा भुगा दाराखिडक्यांतून घरात येतो. दिव्याला थंड ठेवण्यासाठी संचातील पंखा सतत हवा ओढतो आणि तिच्यासोबत हे तंतूही ओढले जातात. हवेच्या वाटेवर जाळी असल्यास ती संच बंद करून, तार काढून, दर महिन्यास स्वच्छ करावी. जाळी तुंबली की दिवा तापतो, आणि तापलेला दिवा लवकर संपतो. संचाच्या मागे भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. त्याच्यावर कपडा पांघरून तो चालवू नये, आणि त्याच्या माथ्यावर फुलदाणी, समई वा उदबत्तीचे घर ठेवू नये.

पडदा पुसताना मऊ, किंचित ओलसर फडके घेऊन खाचांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली, हलक्या हाताने पुसावे. काच पुसण्याचे तीव्र द्रव अथवा स्पिरिट वापरू नये. पडदा काचेचा नसून प्लॅस्टिकचा असतो आणि त्यावर कायमचे डाग पडतात. आतील आरशावर धूळ बसली तरी तो स्वतः पुसण्याचा मोह टाळावा. घरातील आरशाचा चांदीचा लेप काचेच्या मागे असतो. या आरशाचा लेप काचेच्या पुढे, उघडा असतो. कोरड्या फडक्याचा एक फटकारा त्याच्यावर असंख्य ओरखडे उमटवतो.

संच बंद करताना घाई करू नये. प्रथम दूरनियंत्रकाने बंद करावा. आतील पंखा त्यानंतरही थोडा वेळ फिरत राहतो आणि दिव्याला निववतो. तो थांबल्यावरच भिंतीवरील बटण बंद करावे. सामना ऐन रंगात असता वीज क्षणभर गेली, तर दिवा निवेपर्यंत संच पुन्हा सुरू होत नाही. त्या वेळी पुनःपुन्हा बटण दाबून उपयोग नसतो. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत व श्रीलंका यांच्यात अंतिम सामना झाला, तेव्हा आम्ही उसन्या आणलेल्या बॅटरीच्या यंत्रावर संच लावून ही चिंता दूर केली होती. त्या रात्री त्या खोलीत किती माणसे मावली, हे आजही आम्हांला नीट सांगता येणार नाही.

जेथे हात लावू नये

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. ती विशेषतः आमच्या जिज्ञासू विद्यार्थ्यांसाठी आहे. तीन नळ्यांच्या संचात सुमारे ३०,००० व्होल्ट दाबाची वीज वापरली जाते आणि तार काढल्यानंतरही तिचा काही भाग आत साठून राहू शकतो. तार काढली म्हणजे धोका गेला, ही समजूत प्राणघातक ठरू शकते. त्यातील थंडाव्याचा द्रवही विषारी असतो आणि त्याची चव गोडसर असते. तो गळलेला दिसल्यास लहान मुलांना व पाळीव जनावरांना दूर ठेवावे. दिव्याच्या संचात निराळा धोका आहे. त्या दिव्यात पारा असतो आणि चालू असताना आतील दाब वातावरणाच्या शंभर पटींहून अधिक होतो. दिवा बदलावयाचा तर तार काढून संच निदान एक तास निवू द्यावा, आणि नव्या दिव्याच्या काचेस बोटाचा स्पर्श होऊ देऊ नये; बोटांचा चिकटपणा तापून काच तडकते. दिवा फुटल्याचा आवाज आला तर तार काढावी, खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी थोडा वेळ खोलीबाहेर जावे. जाळी पुसणे, पडदा पुसणे आणि पुस्तिकेत सांगितले असल्यास दिवा बदलणे, एवढे घरच्या माणसाचे काम. मागील झाकण उघडणे हे जाणत्या कारागिराचेच काम.

आमच्या संचाने सात वर्षे सेवा केली. दुसरा दिवा संपला तेव्हा २०१८ साल उजाडले होते आणि त्या जातीचा चांगला दिवा मिळणे कठीण झाले होते. सोनीने प्रक्षेपण-संचांचा निरोप २००७ च्या डिसेंबरातच जाहीर केला होता. शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या मित्सुबिशीने डिसेंबर २०१२ मध्ये ते बनवणे थांबवले. पातळ सपाट संच स्वस्त झाले आणि ही मोठी पेटी मागे पडली. म्हणून आज कोणी आम्हांला विचारले की असा जुना संच घ्यावा काय, तर आम्ही प्रतिप्रश्न करतो की त्याचा दिवा कोठे मिळतो ते आधी सांगा. दिव्याची खात्री नसेल तर फुकट मिळालेला संचही महागच पडतो. विजेचा विचारही करावा. २०० वॅटचा संच रोज ४ तास चालला तर महिन्यास २४ युनिटे जळतात. तेवढ्याच पडद्याचा आजचा पातळ संच सामान्यतः याहून बराच कमी खर्च करतो.

आम्ही संच भंगारात फेकला नाही. पाऱ्याचा दिवा व विजेच्या पट्ट्या कचऱ्यात गेल्या तर त्यांतील विष माती व पाण्यात उतरते. म्हणून त्या अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवल्या. त्यापूर्वी एका कारागिराकडून पडद्याचा फ्रेनेल थर तेवढा काढून घेतला आणि तो शाळेच्या प्रयोगशाळेस दिला. तो आता कापडात गुंडाळून कपाटात ठेवलेला असतो, कारण उन्हात धरला तर तो सूर्याचे किरण एका बिंदूवर आणून क्षणात लाकूड पेटवू शकतो. शिक्षकांवाचून त्यास कोणी हात लावावयाचा नाही, असा नियम आहे.

ज्या मुलाने त्या दिवशी स्क्रूच्या खाचेतील माती पाहिली होती, त्याने कोणतीही विद्या आधीपासून मिळवलेली नव्हती. त्याच्याजवळ एक भिंग होते आणि समोर सगळे चित्राकडे पाहत असता मागे जाऊन बसण्याची सवय होती. सहा बिऱ्हाडांचे पैसे त्या सवयीने वाचले. आमच्या विद्यार्थिमित्रांनी जुनी वस्तू घेण्यापूर्वी निदान एवढे करावे : पुढून एकदा पाहावे, आणि मागून दोनदा.